त्या पुस्तकातली आई मरत नाही

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी डोळे, मग गुडघे, मग हिचं आजारपण, मग ती गेल्यानंतरचं सुन्न घर. आणि यातलं काहीच नसेल तेव्हा ‘एवढं काय मोठं घडलं होतं’ हे एक कारण कायम हाताशी असायचंच. बाकीचे दहा-अकरा महिने ते चालून जातं. नोव्हेंबरात चालत नाही.

नोव्हेंबरात बोईसरचा वारा फिरतो. इथं नव्याने आलेल्या माणसाला ते कळत नाही, मलाही सुरुवातीला कळत नसे. सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि कारखान्यांचा वास आणतो. कधी औषधाच्या गोळीसारखा कडवट, कधी चक्क पिकलेल्या केळ्यासारखा. दुपारी जेवणं होईपर्यंत हवा जागच्या जागी थांबते, आणि मग समुद्र श्वास सोडतो. त्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, गरम वाळू येते आणि किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. आमच्या सोसायटीत या दुसऱ्या वासावरून दर वर्षी एकदा भांडण होतं. तळमजल्यावरचे गृहस्थ खिडक्या धाडधाड लावतात आणि जिन्यात ऐकू जाईल असं म्हणतात, “राहायचं तरी कसं माणसाने इथं!” सकाळच्या वासाला मात्र त्यांनी कधी खिडकी लावलेली मी पाहिली नाही. त्या वासावर त्यांचा पगार निघतो.

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, नुसते रंग उडून लोंबत असतात. भात कापून झालेलं असतं. खाचरांतून बुडखे उरतात, आणि डोंगराकडच्या गावांतली कुटुंबं भांड्यांची गाठोडी, कोंबड्या, पोरं घेऊन वीटभट्टीच्या ट्रकची वाट बघत नाक्यावर बसलेली दिसतात. आणि आम्ही पेन्शनवाले पालघरला बँकेत रांग लावतो. हयातीचा दाखला. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायचं. रांगेत जुने सहकारी भेटतात. “मास्तर, यंदाही आहात!” “आहे बुवा. तुम्ही?” “माझी खात्री नाय, सही जुळली तर आहे.” सगळे हसतात. मीही हसतो. पण त्या काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला, की मला दर वेळी वाटतं, हिने आणखी एक सही मागायला हवी. जे बोललो ते खरं होतं, याची.

मी बोललो ते खरं नव्हतं. तेच इथे सांगायचं आहे.

हर्षदा माझी विद्यार्थिनी. समुद्रकाठच्या मुरबे गावची, मच्छीमार घरातली. आठवीत माझ्या वर्गात आली तेव्हा तिच्या निबंधांवर मी लाल शाईचा पाऊस पाडत असे. ‘हाय’ खोडून ‘आहे’, ‘नाय’ खोडून ‘नाही’. ती दुरुस्त्या उतरवून काढायची आणि पुढच्या निबंधात पुन्हा एखादा ‘हाय’ मुद्दाम ठेवल्यासारखा ठेवायची. पुढे ती विज्ञान शिकली, कुंभवलीजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले होते, घरात ती आणि आई. आई भानूबाय. सगळा किनारा त्यांना भानूबायच म्हणतो.

त्या वर्षी भाऊबीज होऊन गेल्यावर एका दुपारी हर्षदा घरी आली. हातात दोन पुड्या. “सर, दोन वस्तू आणल्यात. एक वासाची, एक बिनवासाची. कुठली आधी उघडायची ते तुम्ही ठरवा.”

आम्ही घाटावरची माणसं. बोंबील खायला मला आणि हिला इथं येऊन शिकावं लागलं होतं. पण एकदा शिकल्यावर ही माझ्या पुढे गेली होती. हिने अर्थातच वासाची पुडी आधी उघडली. दुसरीत पुस्तक होतं. हर्षदाची कादंबरी. ‘वाऱ्याचं वेळापत्रक’. ती कंपनीच्या बसमध्ये जाता-येता आणि रविवारी लिहीत होती, असं तिने सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत अशी कादंबरी क्वचितच असते: उद्याच्या, बिघडलेल्या जगाची.

“वाचनालयात चर्चा ठेवलीय सर. तुम्हीच अध्यक्ष. शाळाशाळांचे लोक येणार आहेत, ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडायला. तुमचा अभिप्राय खरा पाहिजे. कौतुक नको.”

“खराच देईन,” मी म्हणालो.

पुस्तक उघडून पाहिलं. पहिल्या पानावर एकच ओळ होती: ‘आईला, जिने प्रत्येक पान ऐकलं.’ मी ते पान उलटलं, पुढचं उलटलं, मागचं शेवटचं पान पाहिलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

आता या वयात लाज ठेवून काय उपयोग? पुस्तक मी पूर्ण वाचलं नाही त्याचं कारण डोळे हे नव्हतं. मोतीबिंदू होता, पण वर्तमानपत्र मी कोपऱ्यातल्या जाहिरातींसकट वाचत होतो. कारण ते माझं नाव नसलेलं पान होतं. आठवीपासून जिची भाषा मी घासून-पुसून लख्ख केली, तिने छापण्याआधी मला एक अक्षर दाखवलं नाही, आणि पान न पान ऐकवलं ते मासळी वाळवणाऱ्या बाईला! शिवाय आणखी एक गोष्ट होती. ‘निवृत्त झालो की कादंबरी लिहिणार’ हे मी शिक्षकांच्या खोलीत इतकी वर्षं सांगत होतो, की लोकांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

जेमतेम एक तृतीयांश वाचलं. मग जिथे होतो तिथे चष्म्याची पेटी ठेवून पुस्तक मिटलं.

तेवढ्या वाचनात मला कळलं होतं ते असं. समुद्रकाठचं एक शहर. वरचं शहर टेकडीवर, खालचं किनाऱ्याला. मध्ये मनोरा. मनोऱ्यावर रोज वाऱ्याचं वेळापत्रक लागतं. धुराड्यांकडचा वारा खाली वाहू लागला की शिटी होते, आणि खालच्या शहराने दारं-खिडक्या लावून आत बसायचं. बाहेर दोरी बांधायला बंदी. कपडे नाहीत, मासळी नाही, काहीच उघड्यावर टांगायचं नाही. का, हे कोणी विचारत नाही. शाळेत मुलांना काचेच्या नळीत फुंकायला लावतात. ज्यांचा दम मोठा, त्यांना वर नेतात. तारू नावाची मुलगी आहे. तिची आई आहे, तिला नाव नाही, नुसती आई. आणि ही आई शिटी झाली की आत पळायच्या ऐवजी बाहेर धावते, लपवून बांधलेल्या दोरीवरची मासळी काढायला. इथवर मी वाचलं होतं.

चर्चेच्या दिवशी हॉल भरला होता. मुख्याध्यापक, ग्रंथपाल, काही पालक, आणि पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसून, हातात रुमाल घडी करून बसलेल्या भानूबाय. हर्षदा व्यासपीठावर माझ्या शेजारी. पंख्याखाली टेबलावरच्या पुस्तकांची मुखपृष्ठं सारखी उघडत होती आणि ती हाताने मिटत होती.

मी उभा राहिलो. बोलणं मला येतं, आयुष्यभर तेच केलं. सुरुवातीलाच म्हणालो, “मी हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बारकाईने वाचलं आहे.” त्या वाक्याची गरज नव्हती. कोणी विचारलं नव्हतं.

मग मुद्दे मांडले. उद्याच्या शहरातली माणसं हाय-नाय बोलतील का? मुलांनी यातून कोणती भाषा उचलायची? मग आईवर आलो. “शिटी होते, सगळं शहर जीव मुठीत धरून आत पळतं, आणि ही माउली बाहेर धावते. कशासाठी? तर मासळीसाठी! कोणती आई पोटच्या पोरीला घरात टाकून मासळी गोळा करायला जाईल?” हशा झाला. हशा झाला की माझ्यासारख्या बोलणाऱ्याला चढते. मी आवाज खाली आणला. “आणि शेवट. मुलांच्या हाती आपण आशा द्यायची असते. या पुस्तकाच्या शेवटी काय होतं? ती आई मरते. एका लहान वाचकाला आपण अंधारात एकटं सोडून देतो. मला हे मान्य नाही.”

मी अंदाज केला होता. अशा पुस्तकांत कोणीतरी मरतंच, आणि इतकी हट्टी आई शेवटपर्यंत टिकणार नाही असं मला वाटलं होतं. सगळा हॉल गंभीरपणे माना हलवत होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून भानूबायचा आवाज आला. वाऱ्यात होडीवरच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला आवाज. “हर्षे! आई मरली? कवा मरली? मना तं तू वेगलाच वाचून दावलंस!”

हॉल हसला. मीही हसलो, मोठ्या मनाने. पुस्तकातल्या आईसाठी कासावीस झालेली भाबडी बाई! मी म्हणालो, “बघा, किती जीव लावलाय.” आणि हर्षदाकडे वळलो.

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हाताखालचं मुखपृष्ठ सुटून पंख्याने उघडलं होतं, आणि तिने ते मिटलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलाने गृहपाठ केलेला नसावा आणि तसं सांगायला तो घाबरत असावा, तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो तसं ती बघत होती. मला ते तेव्हा कळलं नाही. आईला ती एवढंच म्हणाली, “गप आई, मग सांगते.” आणि माइक घेऊन, “सरांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.”

शाळांनी ते पुस्तक घेतलं नाही. “सर स्वतः म्हणाले, मुलांसाठी फार काळोखं आहे.” ज्यांनी ते वाचलं नव्हतं त्या सगळ्यांनी माझ्या शब्दावर ते बाजूला ठेवलं. माझाही शब्द न वाचलेल्याचाच होता.

एखादं पुस्तक किती हळू मरतं! माणसासारखा काही निरोप येत नाही. वाचनालयात त्याची प्रत मागच्या रांगेत जाते, मग वरच्या फळीवर. चौकशी करणारं कोणी नसतं. हर्षदा दिवाळीला यायची थांबली नाही, हे मात्र सांगायला हवं. दर वर्षी सुकटीची पुडी यायची. दुसरी पुडी आली नाही. ही एकदा म्हणाली, “पोरगी लिहीत नाही वाटतं आता काही?” मी म्हणालो, “नोकरीत वेळ कुठे मिळतो.”

हिच्या जाण्यानंतर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी गॅलरीतून मी पहिल्यांदा पाहिलं की समोरच्या कडुलिंबाची पानं एकेकटी असतात. डॉक्टर म्हणाले, आता काय वाचायचं ते वाचा. घरी येऊन कपाटासमोर उभा राहिलो तर हाताला नेमकं तेच पुस्तक लागलं. चष्म्याच्या पेटीने पडलेली फट अजून होती. नोव्हेंबरच होता. दुपारचा वारा सुरू झाला होता. मी त्या फटीपासून पुढे वाचायला लागलो, आणि थोड्या वेळाने लाज वाटून पहिल्या पानावर परत गेलो.

अभिप्राय खरा पाहिजे, कौतुक नको, असं ती म्हणाली होती. तेव्हा दिला नाही तो आता देतो.

पुस्तकात दोष आहेत. सुरुवातीची पानं त्या शहराचे नियम सांगण्यातच जातात, सोसायटीच्या सूचनाफलकासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. वरच्या शहरातला निशांत नावाचा मुलगा वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवल्यासारखा बोलतो. तो दोष मात्र बहुधा माझ्या वर्गातून गेलेला असावा. त्याच्या आणि तारूच्या प्रेमाचा भाग लिहायला ती लाजली आहे, आणि ते दिसतं.

पण ती काचेची नळी! सगळा वर्ग ओळीने फुंकतोय, आणि तारू मुद्दाम दम रोखून धरते. कारण दम मोठा निघाला तर वर नेतील आणि आई खाली एकटी राहील. नापास होण्यासाठी जीव एकवटणारी मुलगी मी इतकी वर्षं शिकवून कधी ओळखली नाही. वर्गात माझ्या लाल शाईपुढे पुन्हा पुन्हा ‘हाय’ लिहिणारी एक होती, तिलाही नाही. आणि ती भाषा. मनोऱ्यावरून येणारी प्रत्येक आज्ञा शुद्ध, स्वच्छ, व्याकरणाला धरून आहे. खालचं शहर हाय-नाय बोलतं, आणि त्या बोलण्यातच चेष्टा आहे, भांडण आहे, माया आहे. अधिकारी विचारतो, “नियम माहीत नाही का?” आई म्हणते, “माहीत हाय. पर वाराच बंद केला तं मासली सुकल कशी, ता तूच सांग.” तो तिच्याकडूनच पाणी मागून पितो. या एका प्रसंगासाठी मी माझ्या सगळ्या दुरुस्त्या परत घ्यायला तयार आहे.

आणि शेवट. आई मरत नाही. दोरी बांधल्याबद्दल तिला नेतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आता संपलं. तारू घरी एकटी. शिटी होते. ती दार लावायला उठते, आणि लावत नाही. आईची दोरी बाहेर नेऊन बांधते. मग शेजारच्या घरातून एक दोरी बाहेर येते. मग पलीकडच्या. कोणी साडी टांगतं, कोणी बोंबील, ज्याच्याकडे काहीच नाही तो रिकामीच दोरी बांधतो. मनोऱ्यावरून बघणाऱ्याला सगळा किनारा दोऱ्यांनी भरलेला दिसतो, आणि पकडायचं कोणाकोणाला हे त्याला कळेनासं होतं. आई परत येते. कोणी मिठी मारत नाही, भाषण करत नाही. ती फक्त दोऱ्यांकडे बघते आणि म्हणते, “अजून एक आण.” कादंबरी तिथे संपते.

मी ज्या आशेवर हॉलभर बोललो होतो, ती तिथे होती. मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

पुस्तक मिटलं तेव्हा मला भानूबायचा आवाज ऐकू आला. कवा मरली? आणि हर्षदाच्या हाताखालचं ते उघडं राहिलेलं मुखपृष्ठ दिसलं. तिला त्याच क्षणी कळलं होतं. एका वाक्यात ती माझं सगळं पितळ उघडं पाडू शकली असती: सर, तो शेवट या पुस्तकात नाही. स्वतःच्या आईला गप्प करून तिने माझी लाज राखली, आणि त्याच्या बदल्यात पुस्तक जाऊ दिलं.

त्यानंतर दर नोव्हेंबरात मी मुरब्याला जातो. निमित्त सुकटीचं. मनात एकच वाक्य घेऊन जातो आणि पुडी घेऊन परत येतो. एका वर्षी ती कामावर होती. एका वर्षी घरात पाहुणे होते. एका वर्षी कोणीच नव्हतं, ती आणि मीच, आणि मी रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोललो.

यंदा गेलो तेव्हा हर्षदा कामावरून यायची होती. भानूबाय वाळूत बसून बोंबील जोडत होत्या. किनाऱ्यावर खांब रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. तिच्यावर बोंबील एकटा टांगत नाहीत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एकमेकांच्या वजनावर राहतात. वाऱ्याने हलतात, पडत नाहीत. इतक्या वर्षांत मी कधी तिथे बसलो नव्हतो, घरूनच पुडी घेऊन परतायचो.

“बसा मास्तर. हात घान होतील पर.”

मी बसलो. माझी पहिली जोडी सुटली, दुसरीही सुटली. “तोंडात तोंड घालायचा मास्तर, नुसता जवल धरून नाय होत,” म्हणत त्या मनसोक्त हसल्या. मग हात न थांबवता म्हणाल्या, “त्या बुकातली आई मरली नाय. ठाव हाय ना आता?”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“तवा ठाव नव्हता तुमाला.”

“नव्हतं.”

“मी घरी येवून बोललू हर्षीला, मास्तरानं वाचला नाय. ती माज्यावरच चिडली. बोलते, सर मोठे हायत, त्यांना उगाच काय बोलू नको.” त्यांनी एक जोडी दोरीवर टाकली. “आता लिवत नाय ती. टायम नाय बोलते. टायम हाय. टीव्हीसमोर बसते ना.”

मी काही म्हणणार होतो. पण त्यांनी मान वर केली होती. उत्तरेकडे आभाळाची कड काळी झाली होती. ते दिवस पावसाचे नव्हते. आधी वारा थांबला, मग उलटा आला, थंड. कोणीतरी हाक दिली, आणि एका क्षणात सगळा किनारा उठला. शाळेच्या पटांगणात पाऊस आला की पोरं आत पळतात ती मी पाहिली आहेत. इथे घरांतून बायका बाहेर पळत होत्या. चुलीवरचं टाकून, पाळण्यातलं पोर शेजारणीच्या कडेवर देऊन, केस मोकळे तसेच, आभाळाखाली, दोऱ्यांकडे. कोणती आई, असं मी विचारलं होतं. सगळ्याच.

मीही उठलो. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. जोड्या ओंजळीने काढायच्या, टोपलीत टाकायच्या, टोपली ताडपत्रीखाली. हर्षदाची स्कूटर कधी आली कळलं नाही. ओढणी कमरेला खोचून ती दोरीच्या पलीकडच्या बाजूने काढत येत होती आणि मी या बाजूने. दोघांच्या मध्ये एक दोरी आणि थोडे बोंबील. तिने मला ओळखलं आणि दचकली. “सर! तुम्ही कशाला? सरका, भिजाल!”

“हर्षदा,” मी म्हणालो. वाक्य तोंडात आलं होतं.

“मग बोलू सर, आधी ती कड धरा. उडतेय बघा!”

ताडपत्रीची कड फडफडून वर येत होती. मी तिच्यावर अक्षरशः बसलो. “ती पोती द्या,” ती ओरडली, “खोपीत आहेत, उजवीकडे!” खोपीत, वलांडीमागच्या छोट्या झोपडीत, प्लास्टिकच्या पोत्यांत बांधलेले चौकोनी गठ्ठे होते. जड होते. दोन्ही हातांनी एकेक ओढून आणला, ती ताडपत्रीच्या कडेवर ठेवत गेली. वाऱ्याने पुन्हा जोर केला, पण ताडपत्री जागची हलली नाही. एका पोत्याचा कोपरा फाटलेला होता. त्यातून पुस्तकाची पाठ दिसत होती, आणि तिच्यावर उभं छापलेलं नाव, ‘वाऱ्याचं वेळापत्रक’.

भानूबायनी माझी नजर पाहिली. “दगडापरीस बरी,” त्या म्हणाल्या. “दगडानं ताडपत्री फाटते.”

हर्षदाने फाटलेला कोपरा आत दुमडला आणि वर दुसरं पोतं ठेवलं, पाणी आत जाऊ नये म्हणून.

पावसाची सर आली आणि गेली. आम्ही खोपीत उभे होतो. तिने चहा आणला, मला कोरडा टॉवेल दिला. “हं, आता बोला सर. मघाशी काय म्हणत होतात?” तिचा चेहरा ओला होता आणि हसरा होता. आठवीतला.

मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. “सुकट घ्यायला आलो होतो,” मी म्हणालो.

“एवढंच? निरोप दिला असता तर आणून दिली असती.” तिने पुडी बांधली, नेहमीपेक्षा मोठी.

त्या हॉलमध्ये मी जे खोटं बोललो ते चारचौघांत बोललो होतो, म्हणून ते चारचौघांत खोडून काढायला हा लेख. ‘वाऱ्याचं वेळापत्रक’ मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. त्यात आई मरत नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर ते मुलांच्या हातून काढून घेतलं, त्यांनी ते आता माझ्या शब्दावर देऊ नये. स्वतः वाचावं, शेवटपर्यंत. पण लेख लिहिला म्हणजे माफी मागितली असं होत नाही, हे मला समजतं. ती समोर उभं राहून मागायची असते, आणि तिचं उत्तर ऐकायला थांबायचं असतं.

त्या संध्याकाळी शेअर रिक्षात मी एकटाच होतो. कुंभवलीचं वळण आलं, कारखान्यांचे दिवे लागले होते, आणि मांडीवरच्या पुडीतून वास येत होता. मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. “हर्षदा, मी तुझं पुस्तक वाचलं नव्हतं. ते तुझ्या लक्षात आलं, आणि तू मला सांभाळून घेतलंस. मी तुला नाही सांभाळलं. मला माफ कर, आणि लिही.”

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. “कुछ बोला, अंकल?”

“नहीं,” मी म्हणालो. “कुछ नहीं.”